दोन कंपन्या, दोन फॉर्म १६, आणि रिफंडच्या जागी ३६,८५० भरा म्हणतंय, काय प्रकार आहे?

कोथरूडचा_सम्या

नमस्कार मंडळी, आयटीआर (आयकर रिटर्न) भरायला बसलोय आणि डोकं गरगरायला लागलंय, जाणकारांनी जरा मदत करा.

मागच्या आर्थिक वर्षात म्हणजे २०२४-२५ मध्ये ऑक्टोबरला नोकरी बदलली. आधीच्या कंपनीत महिना ८० हजार ग्रॉस होता, एप्रिल ते सप्टेंबर ४,८०,०००. तिथे दर महिन्याला टीडीएस (पगारातूनच कापलेला टॅक्स) कापायचे, आधी ४,०३० आणि मग ऑगस्टपासून का कोण जाणे २,९९० झाला, एकूण २२,१००. नवीन कंपनीत महिना १ लाख, सहा महिन्यांचे ६ लाख, आणि इथे टीडीएस शून्य! मला वाटलं पगाराचं स्ट्रक्चर भारी बनवलंय यांनी.

आता दोन्ही फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला) हातात आहेत. पहिल्यात करपात्र उत्पन्न ४,०५,०००, टॅक्स शून्य, कापलेला २२,१००. दुसऱ्यात करपात्र ५,२५,०००, टॅक्स शून्य, कापलेला शून्य. म्हणजे सरळ हिशोबाने २२,१०० परत यायला पाहिजेत ना? पण पोर्टलवर सगळं भरलं तर रिफंड सोडाच, ३६,८५० भरा म्हणतंय. त्यात एफडीचं १८ हजार व्याज एआयएसमधून (खात्याकडची आपल्या उत्पन्नाची यादी) आपोआप आलंय ते धरून. बँकेने त्यावर काही कापलेलं नाही.

न्यू रेजीम (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत) आहे. दोन्ही कंपन्या म्हणतायत टॅक्स शून्य, मग हे ३६ हजार आले कुठून? पोर्टलचा घोळ आहे का? ओल्ड रेजीम (वजावटीवाली) घेऊन काही वाचेल का, भाडं भरतो महिना १५ हजार आणि पीएफ कापला जातो. आणि थोडे म्युच्युअल फंड विकले होते, लाँग टर्म, फायदा १४ हजारच्या आसपास, मग आयटीआर-१ (साधा फॉर्म) चालेल की २ (मोठा) भरायचा?

---

बिनधास्त_बंड्या

एवढं काय त्यात, पहिल्या कंपनीचा फॉर्म १६ टाक, २२ हजार रिफंड घे, दुसरीचा विसरून जा. टीडीएसच कापला नाही म्हणजे खात्याला कुठून कळणार. माझ्या ओळखीत एकाने असंच केलंय, काही झालं नाही.

---

खडूस_हिशेबनीस

बंड्या, "काही झालं नाही" याच्यापुढे "अजून" हा शब्द लाव आणि दुसऱ्याला असले सल्ले देऊ नकोस. दुसऱ्या कंपनीने त्याला फॉर्म १६ दिलाय म्हणजे त्याचा पगार तिच्या तिमाही रिटर्नमध्ये त्याच्या पॅनवर गेलेला असणार, आणि पगार सलग त्याच्या बँक खात्यात पडलाय. पहिल्याच प्रोसेसिंगमध्ये तफावत निघते, मग नोटीस, आणि उत्पन्न दडवलं असं ठरलं तर दडवलेल्या उत्पन्नावरच्या टॅक्सच्या दुप्पट दंड लागू शकतो. पगार लपवण्याइतकी सोपी पकडली जाणारी दुसरी गोष्ट नाही.

आता सम्या. पोर्टल बरोबर आहे, तुझ्या दोन्ही कंपन्याही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तरीही ३६ हजार निघतात. सावकाश वाच.

टॅक्स कंपनीगणिक लागत नाही, तुझ्या पॅनवर वर्षभरात जेवढं उत्पन्न आलं त्या सगळ्या बेरजेवर लागतो. टीडीएस म्हणजे त्या टॅक्सपोटी दुसऱ्याने तुझ्या वतीने अंदाजाने भरलेली आगाऊ रक्कम. मंगल कार्यालयात कसं ३०० ताटं धरून अ‍ॅडव्हान्स देतो आणि पंगती उठल्यावर ताटं मोजून खरं बिल होतं, तसं. रिटर्न म्हणजे ते ताटं मोजणं.

पहिल्या कंपनीने एप्रिलमध्ये धरलं की हा माणूस वर्षभर इथेच आहे, ८० गुणिले १२, ९ लाख ६० हजार. त्यावर जो वर्षाचा टॅक्स बसेल त्याचा बारावा हिस्सा दर महिन्याला कापला. एप्रिलमध्ये स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार होतं आणि स्लॅब जुने होते, त्या हिशोबाने वर्षाचे ४८,३६०, महिन्याचे ४,०३०. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये न्यू रेजीमचं डिडक्शन ७५ हजार झालं, स्लॅबही सैल केले, वर्षाचा टॅक्स ४०,०४० वर आला, मग उरलेला आठ महिन्यांत वाटला तर महिना २,९९०. तुझा ऑगस्टचा आकडा म्हणून उतरला, पेरोलवाल्याने चोख काम केलंय.

तू सप्टेंबरला सोडलंस. फॉर्म १६ देताना ते फक्त त्यांनी दिलेले ४,८०,००० दाखवतात, त्यातून ७५ हजार वजा, ४,०५,०००. न्यू रेजीममध्ये ७ लाखांपर्यंत ८७ए ची रिबेट (टॅक्स माफी) होती म्हणून टॅक्स शून्य. दुसऱ्या कंपनीला तू त्यांच्याकडे यायच्या आधी काय कमावलंस ते माहीतच नाही, त्यांनी ६ लाख धरले, पुन्हा ७५ हजार वजा केले, ५,२५,०००, पुन्हा ७ लाखांच्या आत, पुन्हा शून्य. म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन दोनदा, तळाचा ३ लाखांचा मोकळा स्लॅब दोनदा आणि रिबेट दोनदा. कायद्यात हे सगळं वर्षाला एकदाच.

खरा हिशोब असा. पगार १०,८०,०००, वजा ७५,०००, राहिले १०,०५,०००, त्यात एफडीचे १८,००० मिळवले की १०,२३,०००. पहिले ३ लाख मोकळे, ३ ते ७ वर ५ टक्क्यांनी २०,०००, ७ ते १० वर १० टक्क्यांनी ३०,०००, वरच्या २३ हजारांवर १५ टक्क्यांनी ३,४५०. झाले ५३,४५०, वर ४ टक्के सेस, ५५,५८८. ७ लाखांच्या वर गेलास म्हणून रिबेट गेली. यातून कापलेले २२,१०० वजा कर, ३३,४८८ उरतात. वरचे ३,३५७ म्हणजे व्याज.

व्याज कशाचं? टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त टॅक्स उरत असेल तर तो वर्ष चालू असतानाच अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणून भरायचा असतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च अशा हप्त्यांत. हे फक्त धंदेवाल्यांना असतं असं नोकरदारांना वाटतं, तसं नाहीये. हप्ते चुकले म्हणून २३४सी खाली १,६८७ आणि वर्ष संपल्यावरही भरलं नाही म्हणून २३४बी खाली महिना १ टक्का, एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे १,६७०. सप्टेंबर उजाडला की अजून ३३४ वाढतील. महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात, म्हणून भरायचंच आहे तर ३१ ऑगस्टच्या आत भर. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केलीय, पण या व्याजाला ती मुदतवाढ लागू नाही, ते आपलं चालूच राहतं. बऱ्याच जणांना ही गोष्ट चलान भरतानाच कळते.

---

कोथरूडचा_सम्या

बापरे, असा ताळा कोणीच करून दाखवला नव्हता. ४,०३० आणि २,९९० चं कोडंपण सुटलं. पण मग नवीन कंपनीच्या एचआरने विचारायला नको का आधीचा पगार किती होता? ऑफर लेटरच्या वेळी तर तीन-तीन सॅलरी स्लिपा मागतात.

---

पेरोलवाली_प्राजू

मी पेरोलमध्येच आहे, वेगवेगळ्या क्लायंट कंपन्यांचे पगार करते, तेव्हा आतली गोष्ट सांगते. ऑफरच्या वेळी स्लिपा मागतात त्या रिक्रूटमेंटवाल्यांकडे राहतात, पगार किती द्यायचा ते ठरवायला. टॅक्सच्या कामासाठी आधीच्या नोकरीचा तपशील द्यायचा तो फॉर्म १२बी, आणि तो द्यायचा की नाही हे कायद्याने कर्मचाऱ्याच्या हातात ठेवलंय. तू दिलास तर आम्हाला तो धरून टीडीएस कापावाच लागतो, दिला नाहीस तर आम्ही आमच्यापुरतं बघतो, स्लिपेवरून स्वतःहून आकडे उचलायचा आम्हाला अधिकार नाही.

प्रत्यक्षात जॉइनिंगच्या वेळी पोर्टलवर जी पंचवीस पानं भरून घेतात ना, पीएफ नॉमिनी, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम वगैरे, त्यातच कुठेतरी "प्रीव्हियस एम्प्लॉयमेंट इन्कम" असा टॅब असतो आणि दहातले आठ जण तो रिकामा सोडून पुढे जातात. काही जण मुद्दाम सोडतात बरं का, कारण भरला की पुढच्या महिन्यापासून हातात येणारा पगार कमी होतो. पण टॅक्स कुठे जात नाही, मार्चनंतर असा एकगठ्ठा समोर येतो, वर व्याज.

जानेवारी-फेब्रुवारीत प्रूफ मागायला मेल येतात तेव्हापर्यंत जरी १२बी दिला तरी आम्ही उरलेल्या पगारातून वळता करून घेतो, फक्त मग मार्चचा पगार बघून लोक भांडायला येतात. ऑक्टोबर २०२४ पासून १२बीएए पण आलाय, त्यात एफडीवर कापलेला टीडीएस, गाडी घेताना किंवा परदेशात पैसे पाठवताना भरलेला टीसीएस (विक्रेत्याने किंवा बँकेने वरून घेतलेला टॅक्स) हे सगळं कंपनीला सांगता येतं, मग कंपनी पगारातला टीडीएस तेवढा कमी करते. आमच्याकडे हा फॉर्म अजून फारसं कोणी देत नाही, माहीतच नाहीये लोकांना.

---

कोथरूडचा_सम्या

म्हणजे आता या वर्षी पण असंच होणार का? कारण २०२५-२६ सुरू होऊन चार महिने झाले, पगार १ लाखच आहे आणि टीडीएस अजूनही शून्यच कापतायत. परत पुढच्या वर्षी ३६ हजार का?

---

खडूस_हिशेबनीस

नाही. मागच्या वर्षीचं शून्य कच्चं होतं, यंदाचं पक्कं आहे. २०२५-२६ पासून न्यू रेजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला रिबेट आहे, पगारदाराला ७५ हजार धरून १२,७५,०००. तुझे १२ लाख वजा ७५ हजार, ११,२५,०००, एफडीचे १८ हजार धरले तरी ११,४३,०००. आत आहेस. बोनस वगैरे मिळून १२ च्या थोडा वर गेलास तरी लगेच ६० हजार अंगावर येत नाहीत, मार्जिनल रिलीफ आहे. समज करपात्र १२,१०,००० झालं तर स्लॅबप्रमाणे ६१,५०० होतात, पण वरचे १० हजारच घेतात आणि त्यावर सेस.

दोन ठिकाणी मात्र सांभाळ. एक, शेअर किंवा इक्विटी फंड वर्षाच्या आत विकलेस तर त्या शॉर्ट टर्म फायद्यावर २० टक्के लागतात आणि त्याला ही १२ लाखांची रिबेट चालत नाही, न्यूजमधले "१२ लाख टॅक्स फ्री" तिथे संपतात. दोन, आता परत नोकरी बदललीस तर हाच घोळ मोठ्या आकड्याने होईल. वर्षाला १८ लाखवाला माणूस ऑक्टोबरला कंपनी बदलतो, नवीन कंपनीच्या दृष्टीने त्याचे सहा महिन्यांचे ९ लाखच, ते १२ च्या आत, टीडीएस शून्य. रिबेटची मर्यादा ७ वरून १२ वर गेल्यामुळे पुढच्या जुलैत असे धागे दुप्पट येणार आहेत, लिहून ठेव.

---

रास्तापेठेतली_रेवा

ओल्ड रेजीमचं कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलते, कारण मी यंदा दोन्ही पद्धतीने करून बघितलंय स्वतःचं.

पगारदार असशील, धंद्याचं उत्पन्न नसेल, तर कंपनीत काहीही निवडलं असलं तरी रिटर्न भरताना रेजीम बदलता येते, फक्त मुदतीच्या आत भरायला हवं, उशिरा भरलंस तर न्यूच. पण तुझ्या केसमध्ये फायदा दिसत नाही. बेसिक ग्रॉसच्या निम्मा धरला तर वर्षाचा ५,४०,०००. भाडं १,८०,००० त्यातून बेसिकचे १० टक्के ५४,००० वजा, म्हणजे एचआरए (घरभाडे भत्ता) १,२६,००० सुटेल (पुणे २०२४-२५ ला एचआरएसाठी मेट्रोत नाही, बेसिकच्या ४० टक्केच, पण तुझ्या केसमध्ये त्याने फरक पडत नाही). पीएफ ६४,८०० आणि समजा एलआयसी २० हजार. स्टँडर्ड डिडक्शन ओल्डमध्ये ५० हजारच, प्रोफेशनल टॅक्स २,५००. सगळं वजा करून करपात्र ८,३४,७०० राहतात आणि टॅक्स सेससकट ८२,६१८. न्यूमध्ये ५५,५८८. तब्बल २७ हजार जास्त.

ओल्ड परवडायला तुला स्टँडर्ड डिडक्शन आणि प्रोफेशनल टॅक्स सोडून अजून ३ लाख ४० हजारांच्या वजावटी दाखवाव्या लागतील. ८०सी (पीएफ, एलआयसी वगैरे) पूर्ण दीड लाख, मेडिक्लेमचे २५ हजार आणि तुझा एचआरए मिळूनसुद्धा ३ लाख १ हजारच होतात. होम लोनचं व्याज असतं तर गोष्ट वेगळी होती. घरमालकाकडून भाडेपावत्या घेऊन ठेवल्या असशील तर ठेव आठवण म्हणून 😄

म्युच्युअल फंडाचं, २०२४-२५ च्या रिटर्नपासून आयटीआर-१ मध्ये इक्विटीचा लाँग टर्म फायदा १,२५,००० पर्यंत दाखवता येतो, तेवढा टॅक्स फ्रीच आहे. मागचा तोटा पुढे ओढायचा नसेल तर आयटीआर-१ चालतो. शॉर्ट टर्मचा एक रुपया असला तरी आयटीआर-२.

---

बिनधास्त_बंड्या

आमच्याकडे एक एजंट आहे, कोणताही रिटर्न असो रिफंड काढून देतो, रिफंडातले १० टक्के घेतो फक्त. ८०जीजीसी की काय ते लावतो.

---

खडूस_हिशेबनीस

८०जीजीसी म्हणजे राजकीय पक्षाला दिलेली देणगी. तू दिलीस का कधी? नाही ना. मग तुझ्या सहीने, तुझ्या आधार ओटीपीने खोटं विधान जातंय, एजंटाच्या नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशाच खोट्या वजावटी लावणाऱ्या एजंटांच्या जागी तपासणी केलीय, खोटा एचआरए, खोट्या देणग्या, खोटे आजार सगळं सापडलं. आणि २०२५ च्या रिटर्नच्या फॉर्ममध्येच ८०सी, ८०डी (मेडिक्लेम), एचआरए लावायचा तर पॉलिसी नंबर, कंपनीचं नाव असला तपशील विचारतायत. एजंट नंबर बदलेल, तुझा पॅन तोच राहणार.

---

नाशिकची_मेघा

धागा हायजॅक करत नाही पण माझी उलटी केस आहे. कंपनी छोटी स्टार्टअप होती, फेब्रुवारीत बंद पडली. सगळ्या स्लिपांवर टीडीएस कापलेला दिसतो, खात्यात पगारही कापूनच आला, पण २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा खात्याकडचा उतारा) सप्टेंबरनंतरचं काहीच नाही. संस्थापक फोन उचलत नाहीत. रिटर्नमध्ये जेवढा २६एएसमध्ये दिसतो तेवढाच टीडीएस दाखवायचा का? तसं केलं तर मला ४० हजार परत भरावे लागतायत, माझ्या खिशातून दुसऱ्यांदा!

---

खडूस_हिशेबनीस

मेघाताई, नीट ऐका, यात कायदा तुमच्या बाजूने आहे पण व्यवस्था नाही.

कलम २०५ स्पष्ट सांगतं की पगारातून टॅक्स कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेपुरती वसुली पुन्हा कर्मचाऱ्याकडून करता येत नाही, कंपनीने भरला नसेल तर तो कंपनीचा गुन्हा, त्यासाठी तुरुंगवासाची तरतूदसुद्धा आहे. सीबीडीटीने (आयकर खात्याच्या वरच्या मंडळाने) २०१५ सालीच अधिकाऱ्यांना सांगितलंय की अशा केसमध्ये कर्मचाऱ्यावर वसुलीची जबरदस्ती करू नका. कोर्टांनीही हेच धरलंय.

पण बंगळुरूच्या सीपीसीमधला (रिटर्न तपासणारं केंद्र) संगणक फक्त २६एएसशी ताळा घालतो. तुम्ही पूर्ण टीडीएस दाखवलात तर न दिसणारा भाग तो नाकारणार आणि डिमांड (टॅक्स भरा अशी मागणी) पाठवणार, हे गृहीतच धरा. डिमांड आली की पोर्टलवर "डिसअ‍ॅग्री" करून कारण द्यायचं, सोबत स्लिपा, नेमणूक पत्र, आणि निव्वळ पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. मग ग्रीव्हन्स (पोर्टलवरची तक्रार) टाकायची आणि तुमच्या पॅनचा जो असेसिंग ऑफिसर असेल त्याला लेखी अर्ज द्यायचा, कलम २०५ चा उल्लेख करून. वेळ जातो. पुढच्या वर्षीचा रिफंड त्या डिमांडपोटी अडकवण्याचा प्रयत्नही करतात, तेव्हा नोटिशीला मुदतीत उत्तर द्यायचंच, गप्प बसायचं नाही.

अजून एक काम आत्ताच करा. कंपनी अधिकृतपणे दिवाळखोरीत गेली असेल तर तिथे कोणीतरी रिझोल्यूशन प्रोफेशनल किंवा लिक्विडेटर नेमलेला असतो, त्याच्याकडे लेखी मागणी करा. नुसतंच शटर ओढलं असेल तर संचालकांच्या ईमेलवर मेल करून ठेवा, पुरावा म्हणून कामाला येतो. ४० हजारांचा प्रश्न आहे, एखादा सीए धरा, पण रिफंडावर टक्केवारी मागणारा नको.

---

पेरोलवाली_प्राजू

यात एक जोडते, ज्यांची कंपनी चालू आहे त्यांनी लगेच घाबरू नका. मार्चचा टीडीएस कंपनीने ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो, शेवटच्या तिमाहीचं रिटर्न ३१ मेपर्यंत, आणि फॉर्म १६ १५ जूनपर्यंत द्यायचा. म्हणून मे महिन्यात घाईने आयटीआर भरणाऱ्यांना २६एएस अर्धवट दिसतो. पण ऑगस्टमध्ये दिसत नसेल तर एचआरला मेल करा, कधी कधी पॅनमधलं एक अक्षर चुकलेलं असतं आणि तुमचा टॅक्स दुसऱ्याच कोणाच्या नावावर जाऊन बसलेला असतो. सुधारणा रिटर्न भरून कंपनी ते दुरुस्त करू शकते. आणि दर तिमाहीला एकदा २६एएस उघडून बघा हो, ऑक्टोबरपासूनचा टीडीएस भरला नाही हे मेघाताईंना वेळेत दिसलं असतं तर तेव्हा निदान ऑफिसात जाऊन विचारता तरी आलं असतं.

---

सांगलीचे_आबा

मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, वय ६६. पेन्शन ईपीएसची २,८०० महिना, बाकी सगळं एफडीच्या व्याजावर. बँकेने मागच्या वर्षी ३ लाख १० हजार व्याजावर ३१ हजार कापले. मुलगा म्हणतो परत मिळतील, बँकेतला पोरगा म्हणतो कापले ते गेले. कोणाचं खरं?

---

रास्तापेठेतली_रेवा

आबा, मुलाचं खरं. तुमचं एकूण उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, न्यू रेजीममध्ये २०२४-२५ ला ७ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, म्हणजे ३१ हजार पूर्ण परत. पण आपोआप येत नाहीत, रिटर्न भरावाच लागेल. आयटीआर-१, मुलाला शेजारी बसवून अर्ध्या तासाचं काम आहे. पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट केलेलं पाहिजे आणि पॅन-आधार जोडलेलं पाहिजे, नाहीतर रिफंड अडकतो.

आणि पुढच्या वर्षीपासून कापूच नयेत म्हणून एप्रिल लागला की प्रत्येक बँकेत फॉर्म १५एच (साठीच्या वरच्यांनी ‘माझा टॅक्स शून्य आहे’ असं लिहून द्यायचं) द्या. प्रत्येक बँकेत वेगळा, दरवर्षी नवीन. सहकारी बँक असो की पोस्टातली सीनिअर सिटिझन स्कीम, सगळीकडे. या वर्षीचा राहिला असेल तर आत्ताही देता येतो, पुढच्या व्याजापुरता तरी उपयोग होतो. १ एप्रिल २०२५ पासून साठीच्या पुढच्यांना एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंत व्याजावर कापत नाहीत, आधी ५० हजारांना कापायचे. तुमचं व्याज त्याहून जास्त आहे, तेव्हा १५एच लागेलच.

काकूंचं वय साठच्या आत असेल तर त्यांना १५एच नाही, १५जी. त्याला एक जास्तीची अट आहे, नुसता टॅक्स शून्य असून भागत नाही, एकूण व्याज करमुक्त मर्यादेच्या आत पाहिजे. हे न बघता बँका फॉर्म घेतात आणि लोक सह्या करतात.

---

सांगलीचे_आबा

फार उपकार झाले पोरी. बायको ६२ ची आहे. उद्याच मुलाला फोन करतो.

---

दुबईतला_देशमुख

सम्याच्या १८ हजार व्याजावर काही कापलं नाही म्हणून आठवलं, आम्ही एनआरआय लोकांना ती ठरावीक रकमेपर्यंतच्या व्याजावर न कापण्याची सवलतच नाही. एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या कमाईचं खातं) पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि सेस, म्हणजे ३१.२. माझं भारतातलं उत्पन्न तेवढं एकच, म्हणून दरवर्षी आयटीआर-२ भरतो आणि जवळपास सगळं परत येतं. पण त्यासाठी बँकेला आपण एनआरआय झालोय हे सांगितलेलं हवं, कित्येक जण साधं सेव्हिंग खातंच चालवत राहतात.

---

कोथरूडचा_सम्या

सगळ्यांचे मनापासून आभार, न्यू रेजीमच ठेवतोय. आजच भरून टाकतो. पैसे आधी भरायचे की रिटर्न आधी? आणि चलान भरताना कुठलं वर्ष निवडायचं, २०२४-२५ की २०२५-२६? नवीन एचआरला एप्रिलपासूनचं सगळं त्यांच्याकडेच आहे म्हणून १२बी द्यायची गरज नाही ना?

---

खडूस_हिशेबनीस

१२बी ची गरज नाही, यंदाचा एकच मालक आहे तुझा.

पैसे आधी. ई-पे टॅक्समध्ये असेसमेंट इयर २०२५-२६ निवड, आर्थिक वर्ष २०२४-२५ असलं तरी, इथेच जनता घसरते आणि मग चलान दुरुस्तीसाठी धावपळ. प्रकार सेल्फ असेसमेंट, कोड ३००. अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा १०० निवडू नकोस, ती वेळ मार्चला गेली. रिटर्नच्या आतूनच "पे नाऊ" केलंस तर वर्ष आणि प्रकार तोच भरून देतो, ते बरं. चलान बहुतेक वेळा रिटर्नमध्ये आपोआप येतं, नाही आलं तर पावतीवरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा नंबर), तारीख आणि चलान नंबर हाताने टाक, आणि देय रक्कम शून्य दिसल्याशिवाय सबमिट करू नकोस.

सबमिट केल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय, आधार ओटीपीने लगेच होतं. ते राहिलं तर भरलेला रिटर्न धरतच नाहीत. आधारला जुना मोबाईल नंबर जोडलेला असेल तर आधी ते बघ, नेटबँकिंगनेही करता येतं.

---

कोथरूडचा_सम्या

भरले. चलान आलं, देय शून्य, ओटीपी पण झाला. बंड्या, तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला हा धागा वाचायला दे.

---

बिनधास्त_बंड्या

दिला. तो विचारतोय मागच्या दोन वर्षांचं आता सुधारता येतं का 😬

---

खडूस_हिशेबनीस

येतं. अपडेटेड रिटर्न, आयटीआर-यू, आता चार वर्षांपर्यंत भरता येतो, पण टॅक्स आणि व्याजाच्या वर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७० टक्के जादा. नोटीस यायच्या आत भरला तर. त्याला वेगळा धागा काढायला सांग, आकडे घेऊन ये म्हणावं, आणि एजंटाला सोबत आणू नकोस.